सुपरवायझर घडतो लाइनवरच: नव्या लाइन लीडरसाठी आणि त्याला शिकवणाऱ्यांसाठी

चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव. पुण्याभोवतीच्या कुठल्याही कारखान्यात सुपरवायझर होण्याचे साधारण दोन रस्ते आहेत. सहा-सात वर्षं मशिन चालवून हात बसलेला ऑपरेटर एका सोमवारी लाइन लीडर होतो. नाहीतर डिप्लोमा किंवा बी.ई. झालेला मुलगा किंवा मुलगी ट्रेनी म्हणून येते आणि वर्षभरात शिफ्ट हातात घेते. ऑपरेटरला काम येतं, पण माणसांकडून काम करून घ्यायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ट्रेनीला तक्ते आणि आकडे येतात, पण मशिन आणि माणसं दोन्ही नवी असतात. पहिले सहा महिने दोघांचीही सारखीच ओढाताण होते.

फिटरला कानस कशी धरायची, वेल्डरला टॉर्च कुठल्या कोनात ठेवायची, हे शेजारी उभं राहून दाखवलं जातं. शिफ्ट कशी धरायची हे मात्र सुपरवायझरला कुणी शेजारी उभं राहून दाखवत नाही. दोन दिवसांचं ट्रेनिंग, एक सर्टिफिकेट, आणि तिसऱ्या दिवशी बावीस माणसांची लाइन. हे बदलायला हवं आणि बदलता येतं. सुपरवायझरकी हाही एक ट्रेड आहे, आणि तोही उमेदवारी करूनच शिकावा लागतो.

आधी कागद नीट बघा

ट्रेनी म्हणून येणाऱ्यांनी आपण नेमके कोण आहोत हे पहिल्या दिवशी समजून घ्यावं. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे, आणि पदवी-पदविकाधारकांना तो १९७३ च्या दुरुस्तीने लागू झाला. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. २०१९ च्या दुरुस्तीत पदविकाधारकाला महिना किमान ८,००० आणि पदवीधराला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं. तुमच्या करारात आज कोणता आकडा आहे तो वाचा, आणि करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला गेला आहे ना याची खात्री करा. नोंद नसेल तर शेवटी प्रमाणपत्र अडतं.

या कायद्यात शिकाऊ उमेदवार हा शिकणारा असतो, कामगार नसतो. आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी मात्र त्याला इतरांसारख्याच लागू होतात. म्हणून ट्रेनीच्या एकट्याच्या सहीवर आख्खी शिफ्ट चालवणं चुकीचं आहे. त्याने लाइन चालवून बघावी, पण जबाबदार माणूस त्याच आवारात हजर असावा.

ऑपरेटरचा लीडर होताना प्रश्न वेगळा असतो. तो आधीपासूनच मस्टरवर असतो, त्यामुळे त्याचं शिकणं हा कंपनीचा अंतर्गत कार्यक्रम ठरतो. तिथे चार गोष्टी लेखी मागून घ्या: शिकण्याचा काळ किती, शिकवणार कोण, त्या काळात माझं मशिन कोण चालवणार, आणि नाही जमलं तर जुन्या जागी परत जाता येईल का. चौथा प्रश्न विचारायला लोक लाजतात. परतीची वाट नक्की असेल तर माणूस चुका लपवत नाही, आणि पहिल्या काही महिन्यांत चुका उघड्यावर येणं फार गरजेचं असतं.

वर्षाची वाटणी

बारा महिने हा बरा काळ आहे, सहा महिने कमी पडतात. पुण्याच्या कारखान्यात वर्षभरात काय काय येतं ते बघा: मार्चअखेरची धावपळ, चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या जत्रा, पालख्या, गणपती, दिवाळी, छठ, आणि मधेच ग्राहकाचं ऑडिट. हे सगळं एकदा डोळ्यांखालून गेल्याशिवाय शिफ्ट कळत नाही.

पहिले सहा आठवडे सावलीसारखं मार्गदर्शकाच्या मागे फिरायचं. हातात छोटी वही ठेवायची आणि दिवसाकाठी मार्गदर्शकाने घेतलेले पाच निर्णय लिहायचे. तो काय म्हणाला यापेक्षा त्याने काय बघून ते ठरवलं, हे लिहा. 'तीन नंबरचं मशिन थांबवलं' एवढी नोंद अपुरी आहे. 'तीन नंबरच्या पीसवर सलग दोनदा बर (कडेला राहिलेली धातूची धारदार किनार) दिसली, टूल बदलून ४०० पीस झाले होते, म्हणून थांबवलं' ही नोंद कामाची. संध्याकाळी दहा मिनिटं बसून मार्गदर्शकाने ती वही वाचायची आणि सही करायची.

मग एकेक तुकडा हातात द्यायचा. आधी शिफ्टच्या सुरुवातीची पाच मिनिटांची सभा आणि तासाचा बोर्ड, म्हणजे दर तासाला किती पीस झाले ते लिहायचा फळा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पाच-सहा माणसांचा एक गट पूर्णपणे त्याच्याकडे: हजेरी, काम वाटणं, पहिला पीस तपासून पास करून घेणं, रिजेक्शन म्हणजे नापास झालेला माल. सहाव्या महिन्यानंतर आख्खी लाइन, पण फर्स्ट शिफ्टला, जेव्हा मेंटेनन्स, क्वालिटी, स्टोअर सगळे हाकेच्या अंतरावर असतात. सेकंड शिफ्ट आठव्या-नवव्या महिन्यात. नाइट सगळ्यात शेवटी, कारण तिथे विचारायला कुणी नसतं. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं. माणूस नवा, म्हणून त्याला नाइट देतात. तिथे तो पहाटे तीनला एकटा चुकतो आणि ती चूक सकाळी साहेबाच्या टेबलावर पोचते. शिकायचं होतं ते राहून जातं, भीती तेवढी राहते.

आठवड्यातले तीन-चार तास लाइनपासून बाजूला मिळालेच पाहिजेत. ब्रिटनमध्ये टीम लीडर आणि सुपरवायझरसाठी स्वतंत्र लेव्हल ३ अप्रेंटिसशिप आखली गेली. तिथे २०१७ मध्ये कामाच्या वेळेतला २० टक्के वेळ शिकण्यासाठी राखून ठेवण्याचा नियम आला (२०२२ मध्ये तो बदलला), आणि शेवटचं मूल्यमापन स्वतंत्र परीक्षक करत असे. आपल्याकडे तेवढा वेळ मिळणं अवघड आहे हे मान्य. पण आठवड्यात दोन वेळा दीड-दोन तास काढले नाहीत, तर शिकणारा नुसता जादा हात म्हणून वापरला जातो. तसं झालं की वर्षाच्या शेवटी त्याला एक्सेल भरता येतं आणि बोर्ड लिहिता येतो, एवढंच.

शिकवायला शिकणं

सुपरवायझरच्या सगळ्या कामांत सगळ्यात दुर्लक्षित काम हे आहे. कंत्राटी माणसं सतत बदलतात, जवळपास दर आठवड्याला लाइनवर कुणीतरी नवीन उभं असतं. त्याला शिकवलं कसं, यावर पुढच्या महिन्याचं रिजेक्शन ठरतं. जर्मनीत औद्योगिक माइस्टर व्हायचं तर प्रशिक्षक म्हणूनही परीक्षा द्यावी लागते. शिकवता येत नसेल तर त्या पदावर बसवत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं लाखोंनी आली तेव्हा, १९४० ते १९४५ च्या दरम्यान, सुपरवायझरांसाठी एक पद्धत बसवली गेली. नंतर ती जपानमध्ये रुजली. तिच्या चार पायऱ्या आजही जशाच्या तशा चालतात: माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. शिकवण्याआधी स्वतः एक कागद करायचा. त्यावर तीन रकाने: काय करायचं, त्यातला मुख्य मुद्दा कोणता, आणि का.

ब्रॅकेटचे चार बोल्ट क्लिक टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेला पीळ (टॉर्क) बसला की 'टक्' वाजणाऱ्या पान्याने, आवळण्याचं काम घेऊ. दिसायला अगदी किरकोळ.

पहिली पायरी, चारही बोल्ट दोन-तीन आटे लावून घ्यायचे. मुद्दा: हातानेच. का: आटा तिरका जात असेल तर बोटांना कळतं, बोल्ट आवळायच्या गनला कळत नाही. दुसरी, समोरासमोरच्या क्रमाने आधी चारही हलके आवळायचे, मग पूर्ण. का: एकाच बाजूने आवळत गेलं तर ब्रॅकेट तिरकं बसतं आणि पहिला बोल्ट पुन्हा ढिला पडतो. तिसरी, रेंच मुठीवरच्या खुणेवर धरून सावकाश ओढायचा आणि एकदा 'टक्' झालं की थांबायचं. का: आवाजानंतरही ओढत राहिलं तर ठरल्यापेक्षा जास्त टॉर्क लागतो आणि बोल्ट ताणला जातो. नवखा माणूस खात्रीसाठी दोनदा टक् करतो. त्याला ती जास्तीची काळजी वाटते, म्हणून हे 'का' न सांगता नुसतं 'दोनदा करू नको' म्हटलं तर तो ऐकत नाही. चौथी, मार्करने खूण. मुद्दा: एक बोल्ट आवळला की लगेच त्याच बोल्टवर. का: चारही खुणा शेवटी एकदम मारल्या तर राहून गेलेल्या बोल्टवरही खूण पडते, आणि पुढे तपासणाऱ्याला तो झालेलाच दिसतो. शिफ्ट संपली की रेंच सगळ्यात खालच्या मापावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहून माप सरकतं.

एवढं लिहून काढायला अर्धा तास लागतो. मग दाखवताना तीन वेळा करायचं: एकदा नुसत्या पायऱ्या सांगत, एकदा मुद्द्यांसह, एकदा कारणांसह. त्यानंतर रेंच त्याच्या हातात. आधी त्याला गप्प राहून करू द्या, चुकला तर तिथेच थांबवा. मग पायऱ्या बोलत, मग मुद्दे बोलत, मग कारणं सांगत. 'कळलं का?' असं विचारू नका. त्याला उत्तर नेहमी 'हो' असंच येतं, कारण साहेबासमोर 'नाही' म्हणायला माणूस संकोचतो. 'आता तू मला शिकव' म्हणा, मग काय कळलं ते दिसतं. माणूस हिंदी बोलणारा असेल तर कारणं हिंदीतच सांगा. पायऱ्या बघून कळतात, कारणं भाषेतूनच पोचतात.

पहिल्या दिवशी दर तासाला, दुसऱ्या दिवशी दोन-तीन वेळा, मग दिवसातून एकदा त्याच्याकडे जा. अडलं तर कुणाला विचारायचं, ते नाव त्याला सांगून ठेवा. शेजारच्या माणसाला विचारेल असं समजू नका. शेजारचाही परवाच आलेला असू शकतो.

हे लाइनभर उतरलं की स्किल मॅट्रिक्सला, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं त्याच्या तक्त्याला, अर्थ येतो. शून्य म्हणजे येत नाही, एक म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे मदतीने, तीन म्हणजे एकट्याने, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेला मॅट्रिक्स काही कामाचा नाही. प्रत्येक स्टेशनला तयार अशी किमान तीन माणसं आणि प्रत्येक माणसाला किमान तीन स्टेशनं, हे उद्दिष्ट धरून शिकणाऱ्याने दर महिन्याला एक-दोन चौकटी पुढे न्याव्यात.

न लिहिलेली बत्तीस मिनिटं

आकडे वाचणं शिकवायचं तर वर्गात सूत्र देऊ नका, कालची शिफ्ट समोर ठेवा. समजा ४८० मिनिटांच्या शिफ्टमधून जेवणाचा अर्धा तास आणि चहाची दहा-दहा मिनिटं वजा करून ४३० मिनिटं उरली. एका पीसला ४५ सेकंद. म्हणजे ५७३ पीस व्हायला हवेत. झाले ४८०, त्यातले १२ रिजेक्ट. रजिस्टरमध्ये मशिन थांबल्याची नोंद ३८ मिनिटांची आहे.

३८ मिनिटं गेली म्हणजे साधारण ५१ पीस गेले. ५७३ मधून ५१ गेले तर ५२२ उरतात, आणि झाले ४८०. मग बाकीचे बेचाळीस-त्रेचाळीस पीस कुठे गेले? ४५ सेकंदांनी गुणलं तर ती सुमारे ३२ मिनिटं होतात, आणि त्यांची नोंद कुठेच नाही. शिकणाऱ्याला ती शोधायला पाठवा. एका स्टेशनसमोर सलग अर्धा तास उभं राहायचं, काही बोलायचं नाही, फक्त हात कधी थांबतात ते सेकंदांत लिहायचं. बिन रिकामी झाली म्हणून मागे वळणं, दोन पार्ट एकमेकांत अडकणं, सेन्सर पुसणं, गेज शेजारच्याकडून मागणं. एकेक थांबा पंधरा-वीस सेकंदांचा, म्हणून कुणी लिहीत नाही. उभं राहण्याआधी त्या ऑपरेटरला मात्र सांगा की नोंद मशिनची आणि मालाची चालली आहे, त्याची नाही. न सांगता घड्याळ घेऊन उभे राहिलात तर तो हात भरभर चालवेल, आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्याशी बोलणार नाही.

माणसं

कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांना आज काम सांगायचं, हे ऑपरेटरमधून आलेल्याला जड जातं. चोवीस वर्षांच्या डिप्लोमावाल्याला पन्नाशीच्या काकांना काम सांगणं तितकंच जड जातं. अरे-तुरेचं एकदम अहो-जाहो करायची गरज नाही, ते खोटं वाटतं. मित्राला अरे म्हणा, काकांना काका म्हणा. काम वाटण्याचा नियम मात्र सगळ्यांना एकच ठेवा. नको असलेलं स्टेशन, म्हणजे गरम, घाणीचं किंवा वजनाचं, आलटून-पालटून लावा आणि त्याचा तक्ता बोर्डवर लावा. मित्राला हलकं काम दिल्याचं लाइनला पहिल्याच दिवशी कळतं. पर्मनंट आणि कंत्राटी यांच्यातही तेच. नाव घेऊन हाक मारणं सगळ्यांना सारखंच लागू आहे, 'ए कॉन्ट्रॅक्टवाला' अशी हाक कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका.

एखादा सलग तीन सोमवार उशिरा आला तर लगेच मेमोकडे वळू नका. आधी माहिती काढा: फक्त सोमवारच का, किती उशीर, घरी काय चाललंय. बाजूला नेऊन विचारा, चारचौघांत नाही. लातूर-नांदेडकडून रविवारी रात्री निघणाऱ्याची गाडी लेट झाली की त्याची नाशिक फाट्यावरची कंपनीची बस चुकते, एवढंही कारण असू शकतं. मग पर्याय मांडा: आदली गाडी धरणं, सोमवारपुरती शिफ्ट बदलणं, आधी कळवून अर्धी रजा. ठरवा, ते त्याच्या समोर लिहा, आणि पुढच्या दोन सोमवारी स्वतः बघा. हे शेवटचं राहून जातं. बघितलं नाही तर तुमचं बोलणं नुसतं बोलणं होतं.

गैरहजेरीचं निम्मं गणित कॅलेंडरमध्ये असतं. पालखीच्या दिवसांत देहू-आळंदीकडचे रस्ते बंद-चालू होतात, बस फिरून येतात. कुणाचं गाव सातारच्या बाजूचं, जत्रा चैत्रात. कुणाला पेरणीला जायचंय, कुणाला छठला. तीन आठवडे आधी सगळ्यांना विचारून कच्ची यादी करा. अडवणूक न करता विचारलं तर लोक खरं सांगतात.

माणूस कमी पडला की नवा लीडर स्वतः मशिनवर उभा राहतो. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती चांगल्या मनानेच होते. त्या तासाचा आकडा येतो, पण बाकीच्या एकवीस जणांकडे बघायला कुणी उरत नाही. तिकडे पहिला पीस पास न करता लॉट सुरू होतो, आणि दुपारपर्यंत दोनशे पीस नापास मालाच्या लाल बिनमध्ये जातात. अगदीच वेळ आली तर उभं राहा, पण घड्याळ लावून, वीस-पंचवीस मिनिटं, आणि तोवर बदली माणूस शोधायला कुणाला तरी सांगून.

एक गोष्ट शिकण्याच्या काळातही तडजोडीला ठेवायची नाही. प्रेसचं दोन हातांचं बटण बांधून ठेवलेलं, लाइट कर्टन (हात आत गेला की मशिन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बायपास केलेला, मशिन लॉक न करता आत हात, यातलं काहीही दिसलं की शिकणाऱ्याने, तो पहिल्या आठवड्यातला असला तरी, मशिन थांबवायचं. हा अधिकार त्याला पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीरपणे द्या. थांबवल्यावर त्याचं चुकलं असेल तर नंतर एकांतात समजावा. लाइनवर 'कुणाला विचारून थांबवलं?' असं एकदा ऐकलं की तो पुन्हा कधी थांबवत नाही. प्रेस शॉपमध्ये बोटं जातात ती याच संकोचातून.

तीन वीसची वेळ

सेकंड शिफ्ट साडेतीनला सुरू होत असेल तर हँडओव्हर तीन वीसला, लाइनवर चालत. ऑफिसात रजिस्टरवर सही करून झालेला हँडओव्हर पुरेसा नसतो. दोघांनी पहिल्या स्टेशनपासून शेवटपर्यंत जायचं. कुठला लॉट अर्धा आहे, कुठला माल होल्डवर, म्हणजे वापरायचा नाही म्हणून अडवून ठेवलेला, आहे आणि त्यावर टॅग लागलाय का, कुठल्या टूलचं आयुष्य संपत आलंय, मेंटेनन्सने कुठे तात्पुरती जोडणी केलीय, नवीन माणूस कुठे उभा आहे, कुणाला लागलंय का. होल्डवरचा माल बोटाने दाखवायचा. 'तिकडे कोपऱ्यात आहे' म्हणून सांगितलेला माल साडेपाचला कुणीतरी लाइनवर घेतोच. मशिनमध्ये काही गडबड असेल तर तिथल्या ऑपरेटरकडूनच ऐकायचं, कारण आवाज बदललाय हे त्यालाच आधी कळतं.

शिकणाऱ्याची तयारी तपासायची जागाही हीच. अकराव्या महिन्यात मार्गदर्शकाने एक आख्खी शिफ्ट त्याच्यावर सोडावी. स्वतः आवारात राहावं, फोन चालू ठेवावा, पण लाइनवर जाऊ नये. शिफ्ट संपताना फक्त हँडओव्हरला मागे चालावं आणि ऐकावं. आकडा किती आला हे बोर्डवर दिसतंच. ऐकायचं ते हे: न विचारता त्याने किती गोष्टी सांगितल्या, स्वतःची चूक सांगितली का, आणि नवीन माणसाचं नाव त्याला आठवलं का. दुसऱ्या दिवशी वही उघडून वीस मिनिटं बसा, राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहा, आणि पुढच्या एकट्या शिफ्टची तारीख त्याच पानावर टाका. शक्यतो जत्रेच्या किंवा महिनाअखेरच्या आठवड्यातली.